अंबरनाथचा एक अंक आणि उपग्रहांच्या साहाय्याने खजिन्याचा शोध

अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेखाचा काळ प्रथम वाचला गेला तो शके ७८२, म्हणजे इ.स. ८६०. हे वाचन डॉ. भाऊ दाजी लाड यांचे. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तोच लेख पुन्हा तपासला आणि पहिला अंक ७ नसून ९ असल्याचे दाखवून दिले. शके ९८२, इ.स. १०६०. एका अंकाच्या फेरवाचनाने मंदिर राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळातून उठले आणि दोनशे वर्षे पुढे सरकून उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या, मम्मुणिराजाच्या राजवटीत येऊन स्थिरावले. आज हे मंदिर छित्तराजाच्या काळात सुरू होऊन मम्मुणीच्या काळात पूर्ण झाले, असे मानले जाते.

अंक नीट वाचण्याची ही शिस्त शाळकरी मुलांच्या हाती आता एका निराळ्याच वाटेने येऊ शकते. ती वाट म्हणजे जीपीएसच्या मदतीने खेळला जाणारा ट्रेझर हंट. मुलांना जागेचे अक्षांश-रेखांश द्यायचे, मोबाइल किंवा जीपीएस यंत्र घेऊन त्यांनी त्या जागी पोचायचे, तेथील खूण शोधायची आणि तिच्यातून पुढच्या जागेचा पत्ता काढायचा. आठवी ते दहावीच्या मुलांना वर्गाबाहेर काढून अभ्यासाची गोडी लावण्यासाठी अनेक देशांतील शिक्षक हा खेळ वापरतात. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या एकाच लोहमार्गावरील तीन गावांत तो मांडायचा झाला, तर काय हाती लागेल? त्याआधी हा खेळ आला कोठून, हे पाहायला हवे. त्याचाच हा धागा.

इंग्लंडच्या डार्टमूर माळरानावर १८५४ साली जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमियर पूल या आडबाजूच्या ठिकाणी एक बाटली ठेवली. तेथवर चालत येणाऱ्याने आपले नाव-पत्त्याचे कार्ड तीत टाकावे, एवढाच तिचा उपयोग. या 'लेटरबॉक्सिंग'ची हौस पुढे वाढत गेली. गंमत अशी की त्याच वर्षी, १८५४ च्या मे महिन्यात, मुंबईहून निघालेली आगगाडी प्रथम कल्याणपर्यंत पोचली. दोन वर्षांनी, १८५६ मध्ये, हा मार्ग अंबरनाथ-बदलापूरच्या भातखाचरांतून पुढे खोपोलीपर्यंत गेला. दोन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण दुर्गम जागी सामान्य माणसाने हौसेखातर जाण्याचे युग दोन्हीकडे एकाच सुमारास उगवत होते, एवढे म्हणायला हरकत नसावी.

आधुनिक खेळाचा जन्म मात्र एका सरकारी निर्णयातून झाला. जीपीएसचा पहिला उपग्रह अमेरिकेने १९७८ साली सोडला, तो लष्करासाठी. १ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियन एअरलाइन्सचे प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि पाडले गेले. २६९ माणसे मेली. त्यानंतर अमेरिकेच्या अध्यक्षांनी ही यंत्रणा पूर्ण झाल्यावर नागरी वापरासाठी खुली करण्याचे जाहीर केले. ती खुली झाली खरी, पण नागरी संकेतात मुद्दाम चूक मिसळलेली असे. सामान्य यंत्र दाखवी ती जागा सुमारे १०० मीटरने इकडे-तिकडे असू शके. शंभर मीटरच्या वर्तुळात डबा शोधायचा म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधण्यासारखेच. मे २००० च्या पहिल्या मध्यरात्री ही मिसळलेली चूक काढून टाकण्यात आली आणि जगभरची यंत्रे रातोरात कित्येक पटींनी अचूक झाली.

३ मे २००० रोजी डेव्ह उल्मर या संगणक-सल्लागाराने ओरेगन राज्यातील बीव्हरक्रीकजवळच्या झाडीत एक बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. आत पुस्तके, सॉफ्टवेअर, थोडे पैसे, एक गलोल आणि घेवड्याचा एक डबाही होता. नियम एकच: काही घ्या, काही ठेवा. थोड्याच दिवसांत माइक टीग यांनी ती बादली शोधून काढली. या खेळाला 'जिओकॅशिंग' हे नाव त्याच महिन्यात मिळाले.

इतका इतिहास सांगून झाल्यावर थेट अंबरनाथमध्ये डबे लपवायला निघावे, असे कोणाला वाटेल. तेथेच थांबायला हवे.

मुंबईच्या लोकलने रोज प्रवास करणाऱ्याच्या कानावर एक उद्घोषणा वर्षानुवर्षे पडत आली आहे: बेवारस वस्तूला हात लावू नका. २००६ च्या जुलैमधील लोकल गाड्यांतील स्फोट आणि २००८ च्या नोव्हेंबरमधील हल्ला यांची आठवण ज्या प्रदेशाला आहे, तेथे झुडपात ठेवलेला बंद डबा हा खजिना ठरत नाही, तो पोलिसांना बोलावण्याचे कारण ठरतो. इंग्लंडमधील वेदरबी गावात २०११ साली असाच एक निरुपद्रवी डबा बॉम्बशोधक पथकाने स्फोट करून नष्ट केला होता. अंबरनाथला तर शस्त्रास्त्र निर्माणीची भिंत गावातच आहे. तिच्या आसपास हातात यंत्र धरून घुटमळणाऱ्या मुलांची आणि त्यांच्या शिक्षकांची काय अवस्था होईल, हे सांगायला नको. शिवमंदिर केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. तेथे काही खोचणे, चिकटवणे, पुरणे हे सगळे निषिद्ध. आणि खरोखरच जमिनीत काही सापडले तर १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे: दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. दीडशे वर्षांपूर्वीचे ते दहा रुपये अजून दहाच आहेत.

म्हणून या गावांत खेळ मांडायचा तो डब्याविना. जागा हाच खजिना, आणि तेथे जाऊनच मिळेल असे उत्तर हीच त्याची किल्ली. जिओकॅशिंगमध्येही हा प्रकार जुना आहे. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक संस्थेने २००४ पासून रुजवलेल्या 'अर्थकॅश'मध्ये डबा नसतोच. खडक पाहायचा, मोजायचा आणि प्रश्नाचे उत्तर पाठवायचे.

अंबरनाथने तर हा प्रकार त्याही फार आधी पाहिला आहे. १८६८ साली सरकारच्या आदेशाने मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉर्ज विल्किन्स टेरी आपल्या शाळेचे विद्यार्थी घेऊन शिवमंदिरापाशी आले. रेल्वे येऊन बारा वर्षे झाली होती. या पथकाने मंदिराची मोजमापे घेतली, आराखडे आणि शिल्पांची रेखाटने केली, साचे घेतले. त्यांतील काही आकृत्या पुढे 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकातून प्रसिद्ध झाल्या. वर्गात बसून ग्रीक पुतळ्यांच्या प्रतिकृतींवरून चित्रकला शिकणारी ही मुले वालधुनीच्या काठी उन्हात उभी राहून एका-एका थराची उंची मोजत होती. तेव्हा टिपलेल्या शिल्पांपैकी बरीच आज झिजली आहेत. मंदिराचा दगड आणि शेजारून वाहणारी वालधुनी यांच्यावर नंतरच्या कारखानदारीने काय केले, हे गावकऱ्यांना ठाऊक आहे. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये याच नदीत ओतलेल्या रसायनांच्या वायूने उल्हासनगरात शेकडो लोकांना श्वसनाचा त्रास होऊन रुग्णालयात जावे लागले होते. १८६८ चे काम राहिले ते मोजून कागदावर उतरवले म्हणून.

शिवमंदिराचा अक्षांश सुमारे १९ अंश १२ मिनिटे उत्तर. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे जमिनीवर सुमारे १८५० मीटर. एक सेकंद म्हणजे सुमारे ३१ मीटर. रेखांशाचे सेकंद ध्रुवांकडे जाताना आखडत जाते. अंबरनाथच्या अक्षांशावर ते सुमारे २९ मीटर भरते. मोबाइल बहुधा दशांशात आकडे देतो. दशांशचिन्हापुढे दोनच अंक टिपले तर मुलांना किलोमीटरभर फिरावे लागेल, तीन टिपले तर शंभरेक मीटर, चार टिपले तर दहा-अकरा मीटर. दशांश अपूर्णांकांचा पाठ सातवीत होऊन जातो. पण चौथा अंक गाळल्याची शिक्षा पायांना मिळते तेव्हा तो पाठ वेगळ्या रीतीने लक्षात राहतो.

आता सुरुवातीचा शिलालेख येथे कामाला येतो. खेळ मांडणाऱ्याने पुढच्या जागेच्या अक्षांशातील सेकंदाचा एक अंक रिकामा सोडावा आणि सांगावे: लेखातील शकाचा पहिला अंक येथे भरा. झिजलेली, उंचावर कोरलेली अक्षरे मुलांना सहजी वाचता येणार नाहीत, म्हणून लेखाचे छायाचित्र हाती द्यावे. ज्या गटाने ७ वाचला तो दोन सेकंदांनी, म्हणजे ६० मीटरहून थोडा अधिक, दक्षिणेला जाऊन उभा राहील आणि तेथे त्याला काहीच सापडणार नाही. भाऊ दाजींसारख्या पट्टीच्या विद्वानाचे जे वाचन पुढे बदलावे लागले, तेच वाचन करून आपण चुकलो, हे त्या मुलांना मागाहून सांगायला मजा येईल. गुणपत्रिकेवरचा लाल शेरा जे करू शकत नाही, ते मोकळी जागा करते: चूक झाली हे कळते, कोणी रागावत नाही, आणि माघारी फिरून पुन्हा वाचता येते. या खेळाने मुले अभ्यासाकडे ओढली जातात त्याचे बरेचसे कारण येथे असावे. नुसती हुंदडायला मिळण्याची हौस दुसऱ्या ठिकाणी ओसरते.

मंदिरापाशी याहून सोपे प्रश्नही पुष्कळ आहेत. मुख्य दार कोणत्या दिशेला? (पश्चिमेला, कंपासने खात्री करावी.) गाभाऱ्यात जाण्यासाठी पायऱ्या चढाव्या लागतात की उतराव्या? १८६८ चे रेखाटन हाती धरून त्यातील कोणती मूर्ती आज ओळखू येत नाही? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही पाठ्यपुस्तकात छापलेले नाही.

जागा अंकांनी सांगण्यापूर्वी शेजाराने सांगत असत, हेही मुलांना येथेच दाखवता येते. शिलाहारांच्या ताम्रपटांत दान दिलेल्या जमिनीचे 'आघाट' दिलेले असतात: अमुक दिशेला अमुक गावाची शीव, अमुक दिशेला वाट. छित्तराजाचा शके ९४८ (इ.स. १०२६) चा ताम्रपट भांडुपला मिळाला, त्यातील शेताची सीमाही आसपासच्या गावांनी आणि राजपथाने सांगितली आहे. हजार वर्षांपूर्वीचा हा पत्ता उपग्रहाशिवाय सापडतो, अट एवढीच की शेजारची गावे जागेवर असावीत.

उल्हासनगरात नेमकी हीच अट अवघड होते. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी उभारली गेली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्या छावणीच्या बराकींत ठेवण्यात आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसून छावणीचे उल्हासनगर झाले. नाव जवळच्या उल्हास नदीवरून. लष्कराने आखलेले कॅम्प १ ते ५ तसेच राहिले. टपाल खात्याचे ४२१००१ ते ४२१००५ हे पिनकोडही त्याच क्रमाने लागतात. पत्ता लिहिताना आजही बराक क्रमांक आणि खोली क्रमांक लिहिला जातो. रस्त्यांची, आळ्यांची नावे नंतर आली. आधी आला तो आकडा. सिंधमधील आपल्या शहराचे, मोहल्ल्याचे नाव मागे ठेवून आलेल्या माणसाला नव्या देशात मिळालेला पहिला पत्ता म्हणजे एक लष्करी क्रमांक होता.

पुष्कळ बराकी आता पाडून त्यांच्या जागी इमारती उभ्या आहेत. बराक नाही, पण तिचा क्रमांक वीजबिलावर आहे, अशी स्थिती. खेळातील दुसरा टप्पा या क्रमांकांवर बेतता येईल. मुलांनी एका सेक्शनमधील सलग क्रमांक शोधावेत, प्रत्येकाचे अक्षांश-रेखांश टिपावेत आणि ते आलेखाच्या कागदावर मांडावेत. बिंदू सरळ रांगेत पडू लागले की लष्करी अभियंत्याने आखलेली मूळ छावणी कागदावर उमटेल. येथे यंत्र थोडे दगा देईल, हेही सांगून ठेवावे. उंच इमारतींच्या अरुंद गल्लीत उपग्रहाचा संकेत भिंतींवर आपटून येतो आणि मोबाइलवरचा निळा ठिपका शेजारच्या इमारतीत जाऊन बसतो. उघड्या आकाशाखाली पाचेक मीटरवर असणारी चूक तेथे बरीच वाढते. अशा वेळी बराकीचा क्रमांक उपग्रहापेक्षा भरवशाचा. आणि क्रमांकही नसेल तर कोपऱ्यावरच्या दुकानातील आजोबांना विचारावे. अशी माणसे आता थोडी उरली आहेत आणि छावणीची मांडणी डोळ्यांनी पाहिलेली ती शेवटचीच पिढी आहे. मुलांनी टिपलेला एकेक बिंदू म्हणूनच खेळापुरता राहू नये. तो तारीख घालून शाळेच्या वहीत जपावा.

मोबाइल सगळ्यांकडे नसतो, ही अडचण शिक्षक सांगतात. ती वाटते तेवढी मोठी नाही. पाच जणांच्या गटाला एक मोबाइल पुरतो. उरलेल्या चौघांकडे नकाशा, कंपास, मोजपट्टी आणि वही असली म्हणजे प्रत्येकाला काम मिळते. जीपीएसला इंटरनेट लागत नाही. संकेत उपग्रहांकडून येतो, स्थान ठरवायला चार उपग्रह पुरतात. नकाशा तेवढा आधी उतरवून घ्यावा लागतो. सर्वांत आधी पोचेल तो विजेता, असा नियम मात्र ठेवू नये. तो ठेवला की मुले बाणामागे धावतात, रस्ता ओलांडताना पडद्याकडे पाहतात आणि मंदिराकडे पाहतच नाहीत. दोन ठिकाणांच्या मधल्या वाटेवर रूळ येणार असतील तर पुलाची वाट सक्तीची करावी. या पट्ट्यात रूळ ओलांडताना होणारे मृत्यू ही काही जुनी गोष्ट झालेली नाही.

नकाशांचीही एक कथा आहे, ती थोडक्यात. भारताची त्रिकोणमितीय मोजणी विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ साली मद्रासजवळ आधाररेषा मोजून सुरू केली. स्वातंत्र्यानंतरही सर्वेक्षण खात्याचे सीमा आणि किनारपट्टीचे तपशीलवार नकाशे दीर्घकाळ निर्बंधित होते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने काही वाट मोकळी केली आणि १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी ती बरीच रुंद केली. म्हणजे आपल्याच गावाचा बारीक नकाशा सहज मिळवून मुलांनी खेळावे, ही सोय अगदी अलीकडची आहे. जुना नकाशा वापरताना एक खोच: त्यावरील अक्षांश-रेखांश एव्हरेस्ट यांच्या १८३० च्या पृथ्वी-आकारावर बेतलेले असतात, जीपीएसचे डब्ल्यूजीएस-८४ या वेगळ्या आकारावर. तेच आकडे दोन्हींवर वेगवेगळी जागा दाखवतात.

तिसरा टप्पा बदलापूर. मराठ्यांच्या काळी येथे घोडे बदलले जात, म्हणून हे नाव, असे येथे घरोघरी सांगतात. मुलांना हे उत्तर म्हणून देऊ नये, दावा म्हणून द्यावे आणि त्याला कागद कोठे आहे असे विचारावे. दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात ऐतिहासिक ठेव्यांचे जतन आहे आणि भूगोलाच्या पुस्तकाचा पहिला पाठच क्षेत्रभेटीचा आहे. दोन्ही तास एका दुपारी येथे भरू शकतात. नगरपरिषदेचे अधिकृत नाव कुळगाव-बदलापूर का, हा प्रश्न त्यातलाच.

बदलापूरचा खरा दस्तऐवज नदीकाठी आहे. २६ जुलै २००५ ला उल्हास नदी गावात शिरली. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पाण्यात अडकली आणि सुमारे १०५० प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले. पाणी कोठवर आले होते, हे प्रत्येक घराला माहीत आहे. भिंतीवरचा डाग मात्र पुढच्या रंगकामात जातो. या टप्प्यावर गटाने दहा घरे गाठावीत, परवानगी मागून त्या वर्षीच्या पाण्याची खूण विचारावी आणि रस्त्यापासून तिची उंची टेपने मोजावी. उंचीसाठी मोबाइलवर विसंबू नये. जीपीएस आडव्या जागेपेक्षा उंचीत जास्त चुकते आणि पुराच्या बाबतीत एका मीटरला फार अर्थ असतो. मग तारीख, अक्षांश-रेखांश, उंची आणि सांगणाऱ्याचे वय अशा चार रकान्यांत नोंद करावी. सांगणाऱ्याचे नाव लिहिण्याची गरज नाही. २००५ ची आणि २०१९ ची खूण एकाच भिंतीवर मिळाली, तर दोन्ही मोजाव्यात.